किती चालली

जिजाबाईने गाडीचं पुढचं डावं दार उघडलं, पाठ आत करून ती आधी सीटवर टेकली आणि मग एकेक पाय उचलून आत घेतला. डावा हात तिने पोटाशी धरून ठेवला होता. उतरताना आधी पाय बाहेर काढले, उजव्या हाताने दाराची चौकट धरली आणि उठली. असं तिने तीनदा केलं. जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या आवारातला माणूस हातातली किल्ली फिरवत बघत होता. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, मावशी, कंबर दुखते का?

नाही म्हणून तिने पिशवीतून सुतळी काढली. सुतळीला एक गाठ होती. खालचं टोक चपलेखाली दाबून तिने सुतळी सीटशेजारी ताणून धरली. सीट गाठीच्या चार बोटं खाली राहिली. तिने सुतळी गुंडाळून परत पिशवीत टाकली.

तिकडे धनसिंगने बॉनेटवर तळहात ठेवला होता. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या गावात, इंझोरीत, आणि आजूबाजूच्या चार गावांत कोणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की लोक त्याला सोबत नेत. चहापलीकडे तो काही घेत नसे. गाडी सकाळपासून चालू केली नाही ना, असं त्याने विचारलं. माणूस म्हणाला, छे, तुम्ही आल्यावरच किल्ली लावतो.

"मंग उन्हानंच तापली असंन," धनसिंग म्हणाला.

गाडी पत्र्याच्या सावलीत उभी होती. माणसाची किल्ली फिरायची थांबली. धनसिंगने रुमालाला हात पुसला आणि तो फाटकाकडे चालू लागला. त्याच्यामागे जिजाबाई आणि तिची मुलगी प्रियदर्शनीही निघाल्या.

रस्त्याला लागल्यावर धनसिंगने सांगितलं की गाडी नेहमी सकाळी बघावी, आणि थंड असताना बघावी. गरम इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होतं, गार इंजिन आपला रोग लपवत नाही. ज्याने आधीच गरम करून ठेवली, त्याला आपल्यापासून काहीतरी झाकायचं आहे. प्रियदर्शनीने हे मोबाइलवर लिहून घेतलं. महिनाभर ती जुन्या गाड्या कशा घ्याव्यात त्याचे व्हिडिओ बघत होती. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून टायरचं वय कसं ओळखावं, आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी कसा ताडून बघावा, गाडीवर कर्ज बाकी असेल तर बँकेचं पत्र कसं मागावं, सगळं तिला पाठ होतं. सुतळीचं मात्र कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. ते जिजाबाईने स्वतःच काढलं होतं. नवरा नथ्थू खाटेवर बसलेला असताना तिने त्याच्या टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत सुतळी लावून गाठ मारली. त्याने विचारलं, हे कायचं माप? ती म्हणाली, गाडीचं.

नथ्थूच्या किडन्या गेल्याला पाच महिने झाले होते. गेल्या, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी जिजाबाई घरी येऊन वांग्याच्या वाफ्यात गेली होती आणि दोन क्रेट वांगी तोडून बाहेर आली होती. तेव्हापासून ती सगळं करत होती. पथ्याचं रांधत होती, पाणी मापाच्या पेल्याने देत होती, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या बांधून कारंज्याच्या बाजारात बसत होती. पण एका अंगावर फार वेळ झोपल्यावर हात जसा आपला वाटत नाही, तसे तिचे दिवस झाले होते. लोक भेटायला येत, तिचा हात धरून रडत. ती त्यांना चहा करून देई.

मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. अकोला जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर. पहिले दोन महिने एसटीने केले. जाताना ठीक असे, येताना नथ्थूचं अंग पिळलेल्या फडक्यासारखं होई. एकदा उभ्या गर्दीत तो खालीच बसला आणि त्याच्या डाव्या हातावर कोणाचा तरी पाय पडता पडता राहिला. त्या हातात डॉक्टरांनी शीर जोडून दिली होती, सुई तिथेच लागायची. त्या हाताला वजन द्यायचं नाही, दाब द्यायचा नाही. मग गावातल्या गोविंदाची भाड्याची गाडी लावली. लग्नसराईत गोविंदाच्या गाडीला तारखा लागल्या आणि दोन शनिवार चुकता चुकता राहिले. तेव्हा प्रियदर्शनी म्हणाली, आपण गाडी घेऊ, मी चालवते. ट्रॅक्टर ती बारावीपासून चालवत होती. लायसन काढायला तिला महिना लागला.

पांढऱ्या गाडीची जाहिरात तिलाच मोबाइलवर दिसली. कारंजा, एकच मालक, आठ वर्षं. फोनवर पुण्याहून पियूष नावाचा मुलगा बोलला. गाडी त्याच्या आजोबांची आहे, आजी घरीच असते, जाऊन बघा म्हणाला. सोमवारी सकाळी आठला ते तिघं कारंज्यात पोचले.

घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. खाली कापडाचं दुकान, त्याचं शटर बंद. पियूषची आजी, भंवरीबाई, दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी आत बसा म्हटलं, पाणी दिलं आणि किल्ली धनसिंगच्या हातात ठेवली. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती. राजू ड्रायव्हर महिन्यातून एकदा येऊन जागच्या जागी चालू करतो, त्यापलीकडे चार महिने ती हलली नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

धनसिंगने बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. त्याचा चेहरा सैल झाला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चिंधीत गुंडाळलेला लोहचुंबक दारांवरून, चाकावरच्या पत्र्यावरून फिरवला. कुठे पुट्टी भरलेली असती तर चुंबक सुटला असता. तो कुठेच सुटला नाही. त्याने पायाखालची चटई उचलून गंज बघितला, दाराचे रबर ओढून बघितले, स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण वळवून कान दिला. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. बॅटरी बदलावी लागंन, तो म्हणाला, बाकी आवाज चांगला आहे. प्रियदर्शनी आरसी घेऊन चेसिसचा नंबर जुळवत होती.

मग त्याने किलोमीटर बघितले आणि सर्व्हिसचं पुस्तक मागितलं. भंवरीबाईंनी ते तयारच ठेवलं होतं. तो उभ्या उभ्या पानं उलटत राहिला, पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे. मग जिजाबाईला आणि प्रियदर्शनीला त्याने बाजूला घेतलं.

"पह्यल्या पाच वर्षांत एकतीस हजार. आन् मंगच्या तीन वर्षांत सत्तावन्न हजार. दोन मानसाच्या घरात येवढी गाडी चालत नाई, वयनी. भाड्यानं लावली असंन. आनखी एक. डायवरच्या बाजूची सीट दबली ते समजते, पन डाव्या बाजूचीबी तेवढीच पार दबली. रोज सवारी बसल्याशिवाय असं होत नाई."

त्याने जरा आवाज खाली आणला. गाडी वाईट नाही, पण ही गोष्ट बोलायची, आणि भाव पाडायचा. जिजाबाईने मान हलवली. तिचं लक्ष सीटकडे होतं. तिने पिशवीतून सुतळी काढली. सीटची कड बरोबर गाठीला लागली. तिने दार पूर्ण उघडलं, पाठ आत केली, डावा हात पोटाशी धरला आणि टेकली. मग पाय. वर दाराच्या कडेच्या दांडीला खाटेला विणतात तसल्या नवारीच्या पट्टीचा एक फास बांधलेला होता, दोन पदरी, हात घालता येईल एवढा. तिचा उजवा हात त्याच्यात गेला. उतरताना जोर लावावाच लागला नाही. तिने पुन्हा एकदा करून बघितलं.

भंवरीबाई खुर्चीवरून उठून केव्हा जवळ आल्या ते तिला कळलं नाही.

"डावा हात हाय का?" त्यांनी विचारलं.

जिजाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्या शेठजींचाबी डावाच होता," भंवरीबाई म्हणाल्या.

धनसिंग पुस्तक मिटून तिथेच उभा होता. भंवरीबाईंनी त्याच्याकडे वळून सांगितलं की गाडी भाड्याने कधी लावली नाही. आधी शेठजी, म्हणजे त्यांचे यजमान हुकूमचंद, दुकानाचा माल आणायला जात तेव्हा आणि वर्षातून दोनदा शिरपूरच्या जैन मंदिरात देवदर्शनाला, एवढीच ती चालली. मग अकोला. आठवड्यातून तीन खेपा. त्यांनी हे दुकानातल्या कापडाचा पन्हा सांगावा तसं सांगितलं. राजू चालवत असे, शेठजी पुढे डावीकडे बसत, त्या मागे. दिवस मावळल्यावर त्या अन्न घेत नाहीत, म्हणून हिवाळ्यात येताना बोरगावच्या पुढे कुठेतरी गाडीतच खाखरा खाऊन घेत. सीटखाली अजून चुरा सापडंल, त्या म्हणाल्या, झाडून घ्या.

प्रियदर्शनीच्या हातात मोबाइल होताच. तिच्या बोटांनी सवयीने आकडे टाकले. इथून अकोला जाऊन-येऊन एकशे पस्तीस, गुणिले तीन, सत्तावन्न हजाराला भागिले. तिने ओठांतल्या ओठांत म्हटलेलं सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"दोन वर्षं आठ महिने."

मग तिने मोबाइल उलटा करून ओढणीखाली धरला, जणू कोणी तो हिसकावून घेणार होतं.

"शेवटचा एक महिना ते तिथंच होते," भंवरीबाई म्हणाल्या. "तवा गाडी इथंच उभी होती. तो तुह्या हिशोबात नाई आला, बेटा."

बोळातून एक माणूस सायकलवर दुधाचे कॅन घेऊन आला. त्याला जागा द्यायला सगळे भिंतीशी सरकले. तो गेला तरी थोडा वेळ सगळे भिंतीशीच उभे राहिले. जिजाबाईला दोन वर्षं आठ महिने म्हणजे काय, याचा अर्थ लागत नव्हता. तिला वांग्याच्या लावण्या दिसल्या. एक ही आत्ताची, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि अजून एक अर्धी. अर्ध्या वाफ्याला फुलं होती. बाकी काही वाटलं नाही. फक्त उजव्या हाताची बोटं दुखली तेव्हा लक्षात आलं की आपण अजून गाडीचं दार धरून आहोत.

धनसिंगने घसा साफ केला. तो भला माणूस होता, पण कामाला आला होता. किलोमीटर कुठल्याही कारणाने झाले तरी ते झालेच, त्याने हळूच सुरुवात केली, आणि अठ्ठ्याऐंशी हजार चाललेल्या गाडीचा भाव जाहिरातीतला राहू शकत नाही.

"भाऊ," जिजाबाई म्हणाली, "किलोमीटरचं नका बोलू."

"वयनी, तुमाले समजत नाई, हे बोलाच लागते."

"बॅटरीचं बोला. टायरचं बोला. किलोमीटर कमी असते तं मी ही गाडी घेतली नसती."

मग त्याने बॅटरीचं बोलणं केलं आणि मागच्या दोन टायरांचं. भंवरीबाईंनी दोन्ही मान्य केलं, पियूषला फोन लावून कागदांचं सांगितलं. नावावर करण्याच्या अर्जावर त्या सही करतील, शेठजींनंतर गाडी आधीच त्यांच्या नावावर झाली आहे, विमाही तुम्ही लगेच आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर पुढे घोळ होतो. धनसिंग हेच सांगणार होता. त्याने नुसती मान डोलावली आणि तो प्रियदर्शनीला घेऊन कागदांच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेला.

दोघी बायका गाडीपाशी राहिल्या. भंवरीबाईंनी दाराच्या दांडीवरचा फास सोडायला हात वर केला. गाठ जुनी होती, सुटत नव्हती.

"राहू द्या," जिजाबाई म्हणाली.

भंवरीबाईंनी हात खाली घेतला. मग त्या बोलू लागल्या, तिच्याकडे न बघता, बोळाकडे बघत. सीट पूर्ण मागं सरकवून ठेव, गुडघे अडायला नको. जाताना बोललं तरी चालते, येताना बोलू नको, त्यांना उत्तर देववत नाही आणि मग त्याचा राग येतो. पाण्याची बाटली पुढं ठेवू नको. मागं ठेव, पायापाशी, पिशवीत. दिसली की मागतात. सुरुवातीला आपण देत नाही, मग आपल्याला राहवत नाही, आपण देतो, आणि मग दोन दिवस अंग सुजते. काच थोडी उघडी ठेवायची, उलटीचं सांगता येत नाही. शनिवारी येताना खड्डे जास्त लागतात असं वाटते. खड्डे तेवढेच असतात.

"अन् तुमी?" जिजाबाईने विचारलं.

"मी काय?"

जिजाबाईलाही पुढचं नीट ठाऊक नव्हतं. "तुमी मागं बसून काय करत होत्या?"

भंवरीबाईंनी विचार केला. खरोखरच आठवून बघितल्यासारखा.

"दुधाचे टँकर मोजत होते," त्या म्हणाल्या. "अकोल्यापर्यंत."

बुधवारी दुपारी प्रियदर्शनीने गाडी इंझोरीत आणली. नवी बॅटरी होती, मागचे दोन टायर नवे. जिजाबाई मागे बसून आली होती. तिने वाटेत काही मोजलं नाही. शेजारच्या बाया बघायला आल्या. कोणी नारळ आणला, कोणी बॉनेटला कुंकू लावलं. धनसिंगने अंगणात एक फेरी मारून ब्रेक तपासला आणि पहिले पाचशे किलोमीटर टायर जपा म्हणाला. मग सगळे पांगले.

नथ्थू ओसरीतून हे बघत होता. अंगण मोकळं झाल्यावर तो उठला आणि भिंतीला उजवा हात लावत लावत गाडीपर्यंत आला. त्याने टायरवर पाय मारून बघितला, जसा आयुष्यभर बैलगाडीच्या चाकावर मारला होता. प्रियदर्शनीने डावं दार उघडून धरलं. जिजाबाई त्याला सांगणार होती, आधी टेका, मग पाय. पण तो आपणच पाठ करून बसला, उंची बरोबर होती. एक पाय, मग दुसरा. त्याचा उजवा हात वर गेला तर त्याला तो नवारीचा फास लागला. त्याने हात आत घातला, थोडा ओढून बघितला. पट्टीच्या कडा हातांनी झिजून मऊ झाल्या होत्या. तो त्या अंगठ्याने चाचपत राहिला.

"किती चालली?" त्याने विचारलं. गाडीबद्दल कोणीही पहिलं विचारतो तेच.

प्रियदर्शनीने आईकडे बघितलं.

"अठ्ठ्याऐंशी हजार," जिजाबाई म्हणाली.

"लय झाली."

"धनसिंगभाऊ म्हनते, अजून चालते."

नथ्थूने मान हलवली. त्याने पुढची काच बघितली, उजवीकडचा आरसा बघितला. फासातला हात त्याने काढला नव्हता.

"कोनाची व्हती?"

जिजाबाई दाराशी उभी होती. पाच महिन्यांत नथ्थूने तिला काहीही विचारलं तरी तिने खरंच सांगितलं होतं. क्रिएटिनिनचा आकडा, पाण्याचं माप, डॉक्टर बाहेर बोलावून जे बोलले ते. लपवायला वेगळा जोर लागतो, तो तिच्यात नव्हता.

"कारंज्याच्या एका शेठची," ती म्हणाली. "शिरपूरले जात व्हते ते. देवाले."

"शिरपूरले."

"हो."

"येवढ्या खेपा?"

"लय भक्ती व्हती म्हनते त्यायची."

नथ्थूने वर त्या पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याचे डोळे हल्ली सकाळी सुजलेले असत, दुपारपर्यंत उतरत. आता ते उतरलेले होते आणि नीट दिसत होते. अंगणात बॉनेटवरून गळलेल्या कुंकवाचे कण वाऱ्याने इकडे तिकडे होत होते.

"मंग आपनबी जाऊ," तो म्हणाला. "तिकडं."

"आपला कोनता देव हाय तिथं?"

"नसला तं नसला. गाडीले रस्ता ठाऊक हाय."

प्रियदर्शनी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली होती. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ती समोर बघत राहिली. जिजाबाईने मागचं दार उघडलं. बसताना तिच्या हाताला सीटच्या फटीत काहीतरी खरखरीत लागलं. तिने ते काढलं नाही. पुढच्या सीटवर नथ्थूचा खांदा दिसत होता, पूर्वीपेक्षा अरुंद, आणि सुरुवातीला मानेत नळी घातली होती त्या जागेचा डाग. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या नाकाशी काहीतरी हुळहुळलं. तिने पदराने नाक पुसलं आणि पदर तिथेच धरून ठेवला.

"उद्या अकोला हाय," ती पदराआडून म्हणाली. "परवा जाऊ."